मार-व्हेलचं दुखणं

रिक जोन्स भडकला आहे. त्याच्यासमोर ॲव्हेंजर्स आहेत, म्हणजे दर दोन महिन्यांनी पृथ्वी वाचवणारी मंडळी. कुणी मुंगीएवढं लहान होतं, कुणी पोलादी चिलखत चढवून आकाशात उडतं, कुणाच्या हातात वीज पाडणारा हातोडा. रिकचं म्हणणं साधं आहे : माझा मित्र कर्करोगाने मरतोय, काहीतरी करा. आणि त्याच्या मागोमाग एक अवघड प्रश्न त्या खोलीत येऊन बसतो. एवढी बुद्धी पदरी असलेल्या या माणसांनी आजवर या आजाराला हात का घातला नाही? अस्त्रं तर सगळ्यांकडे आहेत.

हा प्रसंग ज्यातला, ते 'द डेथ ऑफ कॅप्टन मार्व्हल' हे जिम स्टार्लिनने लिहिलेलं आणि चितारलेलं पुस्तक १९८२ साली आलं. मार्व्हल कॉमिक्सच्या ग्राफिक नॉव्हेल मालिकेतलं ते पहिलं. या धंद्यात मेलेला नायक वर्ष-दोन वर्षांत परत येतो. खप घसरला तर आधीच. रिकचा हा मित्र, कॅप्टन मार्व्हल ऊर्फ मार-व्हेल, मात्र चाळीस वर्षांनंतरही जवळपास मेलेलाच आहे. 'जवळपास' म्हणायचं कारण, मधे एकदोनदा त्याला उठवायचे प्रयत्न झाले. २००७ साली तो परतला म्हणून वाचक सरसावून बसले, तर तो निघाला रूप बदलून आलेला शत्रूचा हेर. मला तर यात दिलासाच वाटला.

हा मार-व्हेल मुळात कुणाचा फार लाडका नव्हता. 'कॅप्टन मार्व्हल' हे नाव आधी फॉसेट या दुसऱ्याच प्रकाशनाच्या नायकाचं होतं. त्याच्यावर सुपरमॅनच्या मालकांनी नक्कल केल्याचा दावा लावला, १९५३ साली तडजोड झाली आणि तो नायक बंद पडला. नाव मोकळं झालं. मग मार्व्हल कंपनीने ते पकडून ठेवायला १९६७ साली एक नवा कॅप्टन उभा केला : क्री नावाच्या परग्रहवासी जमातीचा सैनिक, मार-व्हेल. स्टॅन ली आणि जीन कोलन यांनी तो घडवला, पण सत्तरच्या दशकात त्याला जीव दिला स्टार्लिनने. मार-व्हेलच्या मनगटांवर त्याआधीच नेगा-बँड्स नावाची कडी आली होती. ती एकमेकांवर आपटली की रिक जोन्स हा तरुण आणि मार-व्हेल यांची अदलाबदल व्हायची. एक इथे, तर दुसरा निगेटिव्ह झोन नावाच्या दुसऱ्या विश्वात. दोघे एका श्वासाला बांधलेले. म्हणून रिकचा तो संताप.

आजाराचं मूळ १९७४ सालच्या ३४व्या अंकात आहे. नायट्रो नावाचा खलनायक लष्कराचा विषारी वायू पळवतो, झटापटीत डबा फुटतो, आणि मार-व्हेल गळती स्वतःच्या हाताने बंद करतो. तेव्हा तो वाचतो. पुढे आठ वर्षांनी स्टार्लिन त्याच प्रसंगाकडे वळतो आणि सांगतो, तो वायू कर्ककारक होता. कथानकाची ही जोडणी मला फार आवडते, कारण ती खरी आहे. कर्करोग असाच येतो. ज्या दिवशी आपण वाचलो म्हणून पेढे वाटले, त्याच दिवशी कुठेतरी एक पेशी वाट चुकलेली असते.

प्रत्यक्ष इतिहासात मात्र गंमत उलटी आहे. केमोथेरपीचा जन्मच युद्धातल्या विषारी वायूपासून झाला. मस्टर्ड गॅसचा भाऊबंद असलेलं नायट्रोजन मस्टर्ड १९४२ साली येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णाला टोचलं. गाठी विरघळल्या. थोड्या आठवड्यांत परत आल्या. युद्धाची गुप्तता होती, त्यामुळे जगाला हे कळायला १९४६ उजाडलं. पाठोपाठ बॉस्टनमध्ये सिडनी फार्बरने रक्ताच्या कर्करोगाच्या लहान मुलांना ॲमिनोप्टेरिन दिलं. ते औषध तयार करणारी प्रयोगशाळा होती आपल्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली. त्या मुलांनाही काही महिने मिळाले, नंतर आजार उलटला.

'काही महिने मिळाले' हे अमेरिकेला पुरेसं वाटेना. १९६९च्या जुलैत चंद्रावर माणूस उतरला आणि डिसेंबरात वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात झळकली, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना उद्देशून : कर्करोग बरा करणं तुमच्या हातात आहे. १९७६ साली स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होतील तोवर हा आजार हटवू, अशी भाषा सुरू झाली. २३ डिसेंबर १९७१ रोजी निक्सन यांनी राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर सही केली. लोक त्याला 'कर्करोगाविरुद्धचं युद्ध' म्हणू लागले. म्हणजे महानायकांचीच भाषा : एक शत्रू, एक तळ, एक निर्णायक हल्ला. १९७६ आलं आणि गेलं. काही आजारांत, विशेषतः मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात, खरंच मोठं यश आलं. बाकी घराघरांत माणसं जातच होती. स्टार्लिनचे वडील त्यांतले एक. हे पुस्तक करणं म्हणजे आपल्यासाठी त्या दुःखातून बाहेर पडण्याची वाट होती, असं त्याने नंतर मुलाखतींत सांगितलं.

त्यामुळे टायटन या शनीच्या उपग्रहावर जेव्हा मार्व्हलच्या विश्वातले सगळे वैज्ञानिक जमतात, तेव्हा वाचक दोन गोष्टी, पानावरची आणि जगातली, एकदम वाचत असतो. शोध चालतो, उपकरणं लागतात, आणि उत्तर येतं नकाराचं. कारण असं की मनगटातल्या त्या कड्यांनीच इतकी वर्षं आजार रोखून धरला होता. आता तीच कडी कुठलाही उपचार लागू पडू देत नाहीत. काढावीत, तर रोग मोकाट सुटेल. तो महानायक ज्याच्यामुळे आहे, तेच त्याच्या औषधाच्या आड येतं.

मराठी वाचकाला इथे कच आठवल्याशिवाय राहत नाही. खाडिलकरांच्या 'विद्याहरण' नाटकाने १९१३ साली ती कथा रंगभूमीवर आणली, पण मला हवा तो भाग महाभारतातला आहे. कचाने संजीवनी मिळवली, आणि देवयानीने शाप दिला की ती तुला फळणार नाही. कच म्हणाला, मी ज्याला शिकवेन त्याला फळेल. मार-व्हेलला तेवढाही उःशाप नाही.

एक बारकावा सांगायलाच हवा. मार-व्हेल आजार सांगतो तेव्हा नावं सांगतो : क्री लोक याला एक म्हणतात, टायटनवर दुसरं, पृथ्वीवर कर्करोग. आमच्या घरी तो शब्द उच्चारला जात नसे. आजोबांना 'मोठं दुखणं' होतं, डॉक्टर 'सीए' म्हणायचे आणि शेजारी नुसतेच भुवया उंचवायचे. नावं बदलून आजार हलका होत नाही, हे परग्रहवाल्यांनाही ठाऊक असावं.

पुस्तकाचा उत्तरार्ध म्हणजे भेटायला येणाऱ्यांची रीघ. शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडे दोन्ही बाजूंचे लोक गेले, तसे इथे स्क्रल येतात. क्री आणि स्क्रल यांचं पिढीजात वैर. तरी स्क्रल साम्राज्याचा दूत आपल्या सर्वांत मोठ्या शत्रूला शौर्यपदक देऊन जातो. स्पायडर-मॅनला मात्र त्या खोलीत उभं राहवत नाही. हा प्रसंग लढाईच्या पन्नास पानांपेक्षा मोठा आहे. इस्पितळाच्या दारापर्यंत येऊन 'गाडी लावून येतो' म्हणत खाली रेंगाळणारा एक भाचा प्रत्येक घरात असतो. शेवटी ग्लानीत मार-व्हेलसमोर त्याचा जुना शत्रू थॅनोस उभा राहतो आणि दोघे लढतात. मुखपृष्ठावर मायकेलअँजेलोच्या 'पिएता'ची आठवण करून देणारी रचना आहे, मांडी मृत्यूची.

औषध सापडलं नाही म्हणून हे पुस्तक टिकलं, असं माझं ठाम मत आहे. सापडलं असतं तर वाचक ते मिटून आपल्या घरातल्या खाटेकडे पाहून विचारणार : मग इथे का नाही? मार्व्हलच्याच एक्स-मेनच्या कथांत १९९३ साली लेगसी विषाणूची साथ सुरू झाली. तिच्यामागे एड्स उभा आहे, हे तेव्हाच्या वाचकाला सांगावं लागत नव्हतं. २००१ साली तिच्यावर उतारा निघाला, पण तो हवेत सोडायला त्यांच्यातल्या कोलोससला स्वतःचा जीव द्यावा लागला. डेडपूल या दुसऱ्या नायकाचा कर्करोग तर त्याला बरं करणाऱ्या प्रयोगातच अडकून बसला.

स्टार्लिननंतर या विषयाला खरं वळण दिलं जेसन आरन आणि रसेल डॉटरमन यांनी. २०१४ साली थॉरचा हातोडा एका अनोळखी स्त्रीच्या हाती गेला. २०१५मध्ये कळलं की ती जेन फॉस्टर, स्तनाच्या कर्करोगाची रुग्ण. हातोडा उचलला की ती देवता होते, आणि त्या रूपांतरात शरीरातलं सगळं विष धुऊन निघतं. केमो हेही शरीराच्या हिशेबी विषच. औषध जातं, गाठ राहते. म्हणजे दर वेळी जग वाचवताना तिचा एक डोस वाया. आपल्याकडे हे चित्र ओळखीचं आहे : 'आधी लेकीचं लग्न होऊ दे' म्हणत तारीख पुढे ढकलणारी बाई. जेन अखेर मरते, पुन्हा जिवंत होते, आणि परतून काय करते? राहिलेला केमो घ्यायला जाते. या सबंध प्रकारातलं इतकं शहाणं पुनरुज्जीवन मी दुसरं पाहिलेलं नाही.

मार-व्हेलच्या नावाचं पुढे काय झालं, तेही सांगतो. नाव हातचं जाऊ द्यायचं नव्हतं, त्यामुळे त्याच १९८२ साली मोनिका रॅम्बो ही नवी कॅप्टन मार्व्हल आली. २०१२पासून ते नाव कॅरल डॅनव्हर्सकडे आहे.

आणि एक नट. चॅडविक बोसमन पडद्यावर मार्व्हलचा 'ब्लॅक पँथर' झाला. चित्रपट २०१८ साली आला. त्या सुमारास एका मुलाखतीत तो दोन मुलांबद्दल सांगताना रडला : दोघांना असाध्य कर्करोग, दोघे त्याचा चित्रपट येईपर्यंत तग धरायचा प्रयत्न करत होते. आपल्या आजाराबद्दल तो काही बोलला नाही. २८ ऑगस्ट २०२० रोजी त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला, तेव्हा कुटुंबाच्या निवेदनातून जगाला कळलं की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं निदान २०१६ सालीच झालं होतं, आणि मधले सगळे चित्रपट त्याने शस्त्रक्रिया आणि केमो सांभाळत केले होते.