शंभर रुपयांची कपात आणि बेचाळीस औषधं

आरोग्य खात्याने हजारो कोटी रुपये मागावेत आणि एखाद्या खासदाराने उठून म्हणावं, ‘यातले शंभर रुपये कमी करा!’ थट्टा वाटेल, पण लोकसभेच्या नियमांत ही सोय रीतसर लिहून ठेवली आहे. तिचं नाव कपात सूचना. शंभर रुपये कापा म्हटलं, की अर्थ असा : माझं एक विशिष्ट गाऱ्हाणं आहे, आधी ते ऐका. ठरावीक मोठी रक्कम कापा म्हटलं, तर रोख उधळपट्टीवर. आणि सगळी मागणी एक रुपयावर आणा म्हटलं, तर तुमचं धोरणच आम्हाला नामंजूर! यातली कुठलीही सूचना मंजूर झाली, तर सरकारने बहुमत गमावलं असं समजतात. त्यामुळे त्या शंभर रुपयांसाठीही सत्ताधारी पक्ष आपले खासदार गोळा करून बसवतो.

शस्त्र असं धारदार, पण ते उपसायला वेळ कुठे असतो? दर वर्षी मोजक्याच खात्यांच्या मागण्यांवर चर्चा होते. उरलेल्या सगळ्या शेवटच्या दिवशी एकगठ्ठा मताला टाकतात. संसदेत याला सरळ ‘गिलोटिन’च म्हणतात. १४ मार्च २०१८ रोजी तर गोंधळात एकाही खात्यावर चर्चा झाली नाही आणि अर्ध्या तासाच्या आत-बाहेर देशाचा सगळा खर्च मंजूर झाला.

मग आरोग्याचे आकडे कुणी वाचतं की नाही? वाचतं. कॅमेरा नसलेल्या खोलीत. १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत. आरोग्याच्या समितीत ३१ खासदार : २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. अर्थसंकल्प मांडून झाला की अधिवेशनाला मध्यंतर मिळतं, तेव्हा ही मंडळी खात्याच्या मागण्या उलगडून बसतात. समोर उत्तरं द्यायला मंत्री नसतो, सचिव असतात. गेल्या वर्षीचे पैसे का उरले, इमारत उभी राहिली तर डॉक्टर का नेमले नाहीत, असे प्रश्न. पक्षाचा व्हिप इथे चालत नाही. आणखी एक मौज बघा. अनुदानाच्या मागण्यांवर मत देण्याचा अधिकार राज्यसभेला नाही, पण आरोग्याची समिती चालते राज्यसभेच्या सचिवालयातून!

ही समिती पैशांपलीकडे, धोरणाच्या मुळाशी हात घालते तेव्हा काय होतं, ते बघायला तिचा एकोणसाठावा अहवाल उघडावा. ८ मे २०१२ रोजी तो संसदेत आला. अध्यक्ष होते ब्रजेश पाठक, जे पुढे २०२२ मध्ये उत्तर प्रदेशचे उपमुख्यमंत्री आणि आरोग्यमंत्री झाले. विषय होता, देशात नव्या औषधांना परवानगी देणारी केंद्रीय यंत्रणा. समितीने मोठं तत्त्वज्ञान मांडलं नाही. बेचाळीस औषधं निवडली आणि म्हणाली, यांच्या फायली आणा.

तीन फायली सापडल्याच नाहीत. पेफ्लॉक्सॅसिन, लोमेफ्लॉक्सॅसिन, स्पारफ्लॉक्सॅसिन. तिन्ही प्रतिजैविकं. उरलेल्या ३९ पैकी ११ औषधांच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या, म्हणजे बाजारात येण्याआधी रुग्णांवर मोठ्या प्रमाणात करायच्या त्या, झाल्याच नव्हत्या. आणि तज्ज्ञांची शिफारसपत्रं? दूरदूरच्या शहरांतल्या नामवंत डॉक्टरांनी आपापल्या लेटरहेडवर जवळजवळ शब्दशः तोच मजकूर लिहिलेला. कॉपी पकडण्यात हयात गेलेल्या मास्तरांनाही कौतुक वाटावं! औषध कंपन्या, यंत्रणेतले काही अधिकारी आणि काही तज्ज्ञ यांचं साटंलोटं असल्याचा पुरेसा पुरावा आहे, असं समितीने स्पष्ट लिहिलं. त्याच अहवालात हेही होतं, की यंत्रणेच्या ३२७ मंजूर पदांपैकी फक्त १२४ भरलेली होती. धोरण आणि पैसा वेगळे नसतात, ते इथे दिसतं. फाईल तपासायला माणूसच नसेल तर नियम कितीही कडक करा, उपयोग काय?

आता खरं नवल पुढे आहे. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. तिला कुणाला निलंबित करता येत नाही, एक रुपयाही अडवता येत नाही. सरकारला फक्त उत्तर द्यावं लागतं : काय केलं, काय नाही, आणि का नाही. त्या उत्तरावर समिती पुन्हा अहवाल काढते. एवढंच. पण चाकं हलली. दोन-तीन औषधं एकाच गोळीत कोंबून केंद्राच्या मान्यतेविना राज्यांकडून परवाने मिळवल्याचाही मुद्दा त्या अहवालात होता. पुढे अशा मिश्रणांची छाननी करायला समिती नेमली गेली, अध्यक्ष बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे कुलगुरू कोकाटे. १० मार्च २०१६ रोजी ३४४ मिश्रणांवर बंदी आली. घरोघरी ओळखीचं खोकल्याचं औषध कोरेक्सही त्यात होतं. कंपन्या कोर्टात गेल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, फेरतपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली. अहवालापासून सहा वर्षं. कासवगती खरी, पण बंद खोलीत मागितलेल्या फायलींमुळे औषधाच्या दुकानातली फळी बदलली, हे माझ्या मते संसदेतल्या कित्येक गाजलेल्या भाषणांपेक्षा मोठं काम आहे.

हे अहवाल गोपनीय नसतात. संसदेच्या संकेतस्थळावर इंग्रजीत आणि हिंदीत फुकट मिळतात. येत्या अर्थसंकल्पानंतर आरोग्य समितीचा अनुदान मागण्यांवरचा अहवाल उतरवून घ्या आणि आधी रिकाम्या पदांचा तक्ता उघडा.