कारागिराचे गिऱ्हाईक कोणाचे?

हाताने वस्तू घडविणाऱ्या स्वतंत्र कारागिराने फेसबुक, इन्स्टाग्राम ही समाजमाध्यमे सोडावीत काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. कोणी याकडे नीतीचा प्रश्न म्हणून पाहतात, कोणी मनःस्वास्थ्याचा म्हणून. त्या बाजू महत्त्वाच्या असल्या तरी कारागिराच्या दृष्टीने हा प्रथम पोटाचा प्रश्न आहे, आणि तो हिशेबानेच सोडवावयास हवा. म्हणून आपण मुळापासून आरंभ करू. कारागिराचे गिऱ्हाईक कोणाच्या ताब्यात असते?

जुन्या गावगाड्यात ते ठरलेले असे. सुतार, लोहार, कुंभार यांना सुगीच्या वेळी धान्याचे बलुते मिळे. त्यांना आपली वस्तू ओरडून विकावी लागत नसे. परंतु जसे गिऱ्हाईक बांधलेले, तसा कारागीरही जातीने आणि गावाने बांधलेला. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. तो वाचणाऱ्यास ती व्यवस्था परत यावी असे वाटणार नाही. पुढे व्यापारी आला. त्याने कारागिराला गावाबाहेरचा बाजार दाखविला, पण गिऱ्हाईक मात्र स्वतःकडे ठेवले. वस्तू घेणाऱ्यास दुकानाचे नाव ठाऊक; घडविणाऱ्याचे नाही.

आपल्या नायगावच्या आसपास, मुखेड-कंधारकडील तांड्यांवर, बंजारा स्त्रियांचे भरतकाम आहे. आरसे, कवड्या, नाणी आणि रंगीत दोरे यांनी सजलेली काचळी किंवा फेटिया घरकाम व मजुरी सांभाळून सवडीने पुरी होते. अशा स्त्रीच्या हाती मोबाईल आला, तिने आपल्या कामाचे छायाचित्र काढून टाकले आणि पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाने थेट तिला विचारले, तर मध्यस्थ दूर झाला. समाजमाध्यमांचा हा उपकार नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र मध्यस्थ गेला असे वाटते, तेथे दुसराच येऊन बसलेला असतो. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाले. २०१२ साली फेसबुकने ते शंभर कोटी डॉलरांस घेण्याचा करार केला. आरंभी ज्याने जे टाकले ते वेळेच्या क्रमाने दिसे. २०१६ साली तो क्रम बदलला आणि कोणाला काय दाखवावयाचे हे कंपनीचे यंत्र ठरवू लागले. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने 'रील' आणले. तेव्हा स्थिर चित्राची किंमत उतरून हलत्या चित्राची चढली. छायाचित्र काढावयास नुकत्याच शिकलेल्या कारागिराला आता चलच्चित्र शिकणे भाग पडले. यात कंपनीची दुष्ट बुद्धी शोधण्याचे कारण नाही. तिचे जवळजवळ सर्व उत्पन्न जाहिरातींचे आहे. प्रेक्षक अधिक वेळ गुंतून राहावा, हा तिचा धंदा. आपली काचळी विकली जाते की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नाही.

नियम दुसऱ्याच्या हाती असला म्हणजे काय होते, याचे उदाहरण नांदेडलाच आहे. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती तेथे खादीचे राष्ट्रध्वज तयार करते. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर केलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजांस मोकळीक मिळाली. हातमागावरचा हात तोच राहिला, बाजार मात्र एका आदेशाने बदलला. सरकारी नियम निदान छापून प्रसिद्ध होतो. समाजमाध्यमाचा नियम रात्रीत बदलतो आणि कारागिराला तो कळतो तो पुसणारे कमी झाल्यावर.

आता वेळेचा हिशेब पाहू. एखाद्या स्त्रीला दिवसाकाठी चार तास भरतकामास मिळतात असे धरा. त्यातला एक तास चित्रे काढण्यात, उत्तरे देण्यात आणि इतरांची चित्रे पाहण्यात गेला, तर महिन्याचे तीस तास, म्हणजे चौथा हिस्सा गेला. हा हिस्सा किमतीत कोणी धरीत नाही. दलालाची दलाली निदान पैशांत दिसते. ही दलाली आयुष्यातून कापली जाते.

मग आजच खाते बंद करावे काय? तसेही नाही. लश नावाच्या इंग्लंडमधील साबण-प्रसाधनांच्या कंपनीने २०१९ साली आपल्या देशातील खाती थांबविली. काही काळाने ती परतली. पुढे २६ नोव्हेंबर २०२१ रोजी तिने फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक आणि स्नॅपचॅट पुन्हा सोडले. तिच्या पाठीशी अनेक देशांतील स्वतःची दुकाने होती, तरी हे पाऊल एका दमात पडले नाही. ज्याला दुकान नाही त्याने दुसरा दरवाजा उघडल्यावाचून पहिला लावू नये.

तो दुसरा दरवाजा म्हणजे गिऱ्हाइकांची वही. जो वस्तू घेईल त्याला विचारून त्याचे नाव, गाव, दूरध्वनी, काय घेतले आणि 'आमच्याविषयी कोठून कळले' हे लिहून ठेवावे. वस्तूबरोबर आपले नाव व क्रमांक असलेली चिठ्ठी द्यावी. विक्रीची ठिकाणे ठरवून घ्यावीत: आठवडी बाजार, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून भरणारी माळेगावची खंडोबाची यात्रा, बचतगटांसाठी मुंबईत भरणारे महालक्ष्मी सरस प्रदर्शन. सणापूर्वी जुन्या गिऱ्हाइकांना आपण होऊन कळवावे. वर्षभराने वही उघडावी. दहांपैकी सात गिऱ्हाइके ओळखीतून व प्रदर्शनातून आली असतील, तर समाजमाध्यम सुखाने सोडावे. सात तेथूनच आली असतील, तर त्या सातांना आधी वहीत आणावे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले होते. त्या दिवशी ज्याच्यापाशी वही होती त्याला साधा फोन करता येत होता.

सोडल्याने तोटाही होतो, तो लपवू नये. दूरचे अनोळखी गिऱ्हाईक कमी होते. अन्यायाविरुद्ध आवाज उठविण्याचे साधनही हातचे जाते. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे कोल्हापुरी वहाणांसारखी पादत्राणे मांडली, तेव्हा समाजमाध्यमांवर मोठा गहजब झाला आणि त्यामागील भारतीय परंपरा कंपनीला मान्य करावी लागली. मात्र कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेले होते, म्हणून त्या ओरडीला कागदाचा आधार होता. एकट्या कारागिराने खाते बंद केले तरी त्याच्या संघाने वा बचतगटाने एक सामाईक खाते चालवावे. त्यामुळे प्रत्येकीचा रोजचा तास वाचेल आणि दारही पुरते बंद होणार नाही.

शेवटी आपणां नगरवासीयांचा वाटा. कारागिराने समाजमाध्यम सोडावे असे आपण म्हणावयाचे आणि खरेदी मात्र पडद्यावर दिसेल त्याचीच करावयाची, हे जुळत नाही. काचळी घेताना करणारीचे नाव विचारावे, आपले नाव तिच्या वहीत लिहू द्यावे, लग्नसराईची मागणी दोन महिने आधी इसार देऊन नोंदवावी आणि शेजाऱ्याला तिचा क्रमांक सांगावा. आईच्या भरतकामातून घर चालते असे दिसले, तरच मुलगी सुई हाती धरील.