तेलात राहून कोरडे पडणारे बेअरिंग

१९९० च्या दशकाअखेरीस पोर्शने बॉक्स्टर आणि ९११ या मोटारींना पाण्याने थंड होणारे नवे इंजिन दिले. क्रँकशाफ्टची गती साखळ्यांमार्फत कॅमशाफ्टकडे नेणारा एक मधला दांडा त्यात असतो. त्याच्या टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग बसवलेले होते. संरक्षणासाठी घातलेले हे सीलच पुढे घातक ठरते. ते झिजले की इंजिनाचे तेल आत झिरपते आणि ग्रीस धुऊन निघते. ताजे तेल मात्र खेळत राहत नाही. बेअरिंग फुटले, तर साखळ्यांचा मेळ बिघडून व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

प्रत्येक मोटारीत असे होत नाही. पण झाले तर बहुधा सगळे इंजिनच जाते. म्हणून क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवला, की जाणकार मालक धडधाकट दिसणारे बेअरिंगही बदलून घेतात. २००९ च्या मॉडेलांपासून नव्या इंजिनात पोर्शने तो दांडाच काढून टाकला.