एकच आयपी, चार शहरं: छोट्या एनीकास्टसाठी बीजीपी देणारा होस्ट कसा शोधायचा?

या भागाचा हा लिखित मजकूर. ऐकताना आकडे आणि नावं निसटतात, म्हणून इथे सगळं नीट मांडलंय.

आधी एनीकास्ट म्हणजे काय ते

१०८ नंबर आठवा. महाराष्ट्रात कुठूनही फिरवा, नंबर तोच, पण गाडी येते जवळची. एनीकास्टमध्ये आयपी पत्त्याचं तसंच होतं. मुंबई, सिंगापूर, फ्रँकफर्ट अशा तीन-चार ठिकाणच्या सर्व्हरवर एकच पत्ता असतो आणि प्रत्येकाची रिक्वेस्ट त्याला सोयीच्या सर्व्हरवर जाते. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ आणि गुगलचा ८.८.८.८ असेच चालतात. डीएनएसचे १३ रूट सर्व्हरसुद्धा असेच जगभर पसरलेले आहेत.

फरक एवढाच, की १०८ ला कंट्रोल रूम असते, इंटरनेटला नसते. कुठली रिक्वेस्ट कुठे जाणार हे ठरतं बीजीपीवर.

बीजीपी: हद्दीवरचा व्यवहार

आम्हा रोहा-वरसेकरांना हे समजायला सोपं आहे. रोहा स्टेशनला मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. कारभार दोन, पण गाडी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, कारण कोणाकडून कुठे जाता येतं हे दोघांना माहीत असतं. इंटरनेटवर अशा प्रत्येक स्वतंत्र कारभाराला एएस म्हणतात, त्याला एक नंबर असतो, आणि 'माझ्याकडून इथे जाता येतं' ही घोषणा एकमेकांना सांगायची भाषा म्हणजे बीजीपी.

आता खरी गोम. बीजीपी किलोमीटर मोजत नाही. आधी व्यवहार बघतो, म्हणजे कुठला रस्ता त्या नेटवर्कला परवडतो. मग वाटेत किती नेटवर्क लागतात ते बघतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १००० किलोमीटरला जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद. रोह्याहून मुंबई म्हणजे जेमतेम एक-दोन मिलिसेकंदाचं अंतर. पण तुमच्या होस्टचा मुंबईतला अपस्ट्रीम आणि इथल्या माणसाचा आयएसपी मुंबईत एकमेकांना भेटतच नसतील, तर तीच रिक्वेस्ट सिंगापूरला किंवा थेट युरोपला जाऊन येईल. मुंबईत सर्व्हर आहे, भाडंही भरताय, आणि रोह्याच्या माणसाला उपयोग शून्य!

स्वतःकडे काय हवं?

एक, एएस नंबर. भारतात तो आयआरआयएनएन देतं, जे निक्सीच्या अखत्यारीत आहे.

दोन, पत्त्यांचा ब्लॉक. आयपीव्ही४ मध्ये /२४ पेक्षा, म्हणजे २५६ पत्त्यांपेक्षा, लहान ब्लॉक बहुतेक नेटवर्क स्वीकारत नाहीत. आयपीव्ही६ मध्ये ही मर्यादा /४८. आपल्या भागाची रजिस्ट्री एपनिक, तिचा आयपीव्ही४ चा मोकळा साठा २०११ मध्येच शेवटच्या /८ वर आला. त्यामुळे /२४ महाग पडतो. शिकायचं असेल तर आयपीव्ही६ पासून सुरुवात करा.

तीन, आरओए. 'हा ब्लॉक याच एएसने जाहीर करायचा' असं सही केलेलं प्रमाणपत्र. याची गरज का? फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूब देशापुरतं बंद करायला एक चुकीचा मार्ग जाहीर केला. तो बाहेर पसरला आणि जगभर यूट्यूब काही काळ गायब झालं. त्यामुळे चांगला होस्ट तुमची कागदपत्रं तपासणारच. काहीच न विचारता सेशन देणारा होस्ट दिसला, तर तिथून लांब राहा.

होस्ट कुठला?

एडब्ल्यूएसवर तुम्ही स्वतःचा ब्लॉक नेऊ शकता, पण घोषणा ते करतात. तुमच्या व्हर्च्युअल सर्व्हरवरून इंटरनेटकडे थेट बीजीपी सेशन मिळत नाही. आपल्याला ते सेशनच हवंय.

साध्या व्हीपीएसवर सेशन देणाऱ्यांमध्ये व्हल्टर सगळ्यात ओळखीचा. मुंबई, दिल्ली आणि बंगळुरूत त्यांची केंद्रं आहेत. सेशन १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्याशी लागतं, समोरचा एएस ६४५१५, आणि मल्टिहॉप २ ठेवावा लागतो. हे शेवटचं विसरलात तर सेशन उभंच राहत नाही. अमेरिका आणि लक्झेंबर्गसाठी बायव्हीएम हाही पर्याय आहे. सर्व्हरवर बर्ड नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकलं की झालं.

पैसे भरण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. बीजीपी सेशन या प्लॅनवर आणि याच शहरात मिळतं का? वेगळे पैसे लागतात का?
२. मुंबईत अपस्ट्रीम कोण? निक्सी किंवा डी-सिक्स मुंबईसारख्या एक्स्चेंजवर आहात का?
३. कम्युनिटी चालतात का? म्हणजे 'या अपस्ट्रीमला माझा मार्ग सांगू नका' असं मला सांगता येईल का?
४. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हीचं सेशन आहे का?
५. लुकिंग ग्लास आहे का? असेल तर घेण्याआधीच रस्ता बघता येतो.

शक्यतो सगळ्या शहरांत अपस्ट्रीम सारखे ठेवा. एका ठिकाणचा अपस्ट्रीम फार मोठा असेल, तर जगभरची गर्दी तिकडेच ओढली जाते.

चालू केल्यावर

सर्व्हरवरचा डीएनएस बंद पडला आणि बर्ड मात्र चालू राहिला, तर मार्ग जाहीरच राहतो आणि त्या भागातल्या लोकांच्या रिक्वेस्ट थेट खड्ड्यात. म्हणून दर काही सेकंदांनी सेवा तपासणारी छोटी स्क्रिप्ट ठेवा. उत्तर आलं नाही की तिने मार्ग मागे घ्यायचा. लोक आपोआप दुसऱ्या शहराकडे वळतात. एनीकास्टचा खरा फायदा हाच, आणि हे केलं नाही तर चार सर्व्हर असून नसल्यासारखे.

मग वेगवेगळ्या सिमवरून एमटीआर चालवा. जिओ, एअरटेल, घरचा ब्रॉडबँड, तिन्हीवर बघा. नोड कुठला हे कळायला डीएनएसमध्ये एनएसआयडी चालू ठेवा. आणखी पाहायचं असेल तर रायप एटलसचे प्रोब आहेत.

थोडक्यात, होस्टच्या वेबसाइटवरचा शहरांचा नकाशा बघून निवड करू नका. त्या शहरात त्याचा रस्ता कोणाकोणाला जोडलाय, ते बघा.

पुढच्या भागात बर्डची कॉन्फिग फाइल ओळीओळीने बघू. तोवर प्रश्न पाठवत राहा!