रोमन गरुडप्रतिमा आणि यादवांचा सुवर्णगरुडध्वज : एक तुलनात्मक विचार

प्रस्तावना

प्राचीन राजसत्तांच्या इतिहासात प्रतीकांना महत्त्वाचे स्थान आहे. रोमन लष्कराचा गरुड आणि देवगिरीच्या यादवांचा गरुड यांचा उल्लेख अध्यापनात अनेकदा एकाच श्वासात होतो. दोन्हींसाठी मराठीत एकच शब्द असल्यामुळे त्यांचा अर्थही एकच असावा, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात निर्माण होतो. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

रोमन गरुड

गरुड हा ज्युपिटर देवाचा पक्षी. प्लिनीच्या कथनानुसार इ. स. पू. १०४ मध्ये मारियसने लांडगा, घोडा, रानडुक्कर आदी चिन्हे बाजूला सारून प्रत्येक लीजनला केवळ गरुडचिन्ह दिले. दंडावर बसविलेली ही धातूची प्रतिमा म्हणजे त्या सैन्यदलाची प्रतिष्ठाच होती. इ. स. पू. ५३ मध्ये पार्थियनांनी क्रॅससच्या सैन्याची चिन्हे हिरावून घेतली. ती इ. स. पू. २० मध्ये ऑगस्टसने वाटाघाटींनी परत मिळविली आणि हा प्रसंग विजयासारखा साजरा केला.

तथापि प्रत्येक रोमन गरुडप्रतिमा लष्करी नसते. इंग्लंडमधील सिल्चेस्टर येथे १८६६ मध्ये सापडलेला कांस्य गरुड प्रारंभी लीजनचे चिन्ह मानला गेला. आज तो एखाद्या मोठ्या पुतळ्याचा भाग असावा, असे अभ्यासक मानतात. लंडन येथे २०१३ मध्ये मिळालेला, चोचीत साप धरलेला पाषाणगरुड थडग्यावरील अलंकरण होता. सम्राटाच्या अंत्यसंस्कारात सोडलेला गरुड त्याचा आत्मा स्वर्गात नेतो, अशीही श्रद्धा होती.

यादवांचा गरुड

भारतीय परंपरेत गरुड हा विष्णूचे वाहन आणि ध्वजचिन्हही आहे. इ. स. पू. दुसऱ्या शतकात हेलिओडोरस या ग्रीक राजदूताने विदिशेजवळ गरुडध्वज उभारला. यादव राजे स्वतःला 'द्वारावतीपुरवराधीश्वर' म्हणवीत आणि 'सुवर्णगरुडध्वज' हे बिरुद धारण करीत. म्हणजे हे चिन्ह श्रीकृष्णाच्या कुळाशी नाते सांगणारे होते. त्यांच्या ताम्रपटांच्या मुद्रेवरही गरुड आढळतो.

खानदेशाचा या सत्तेशी निकटचा संबंध होता. चाळीसगावजवळील पाटण येथील इ. स. १२०७ चा शिलालेख यादवांचे मांडलिक निकुंभ यांच्या काळातील आहे. भास्कराचार्यांचा नातू व यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने तेथे स्थापिलेल्या मठाची नोंद त्यात आहे.

साम्य आणि भेद

दोन्ही प्रतीकांनी सत्तेला दैवी अधिष्ठान दिले आणि दोन्हींत सर्पाचा शत्रू हे रूप आढळते. परंतु रोमन लष्करी गरुड सैन्यदलाच्या निष्ठेचे केंद्र होता, तर यादवांचा गरुड राजवंशाची ओळख होता. रोमन गरुड पक्षीच राहिला. विनतापुत्र गरुड मात्र मातेला दास्यातून सोडविणारा आणि हात जोडून उभा राहणारा भक्त आहे.

समारोप

प्रतिमेचा अर्थ तिच्या आकारात नव्हे, तर तिच्या स्थानात असतो. सिल्चेस्टरचा गरुड हेच शिकवितो. ताम्रपटाचा मजकूर वाचताना आपण मुद्रेकडे दुर्लक्ष केले, तर ज्या निरक्षर प्रजेने अक्षरांऐवजी चिन्हावरूनच राजसत्ता ओळखली, तिचा अनुभव इतिहासातून गळून पडेल. म्हणून इतिहासाच्या अध्यापनात लेखाबरोबर मुद्रेचेही वाचन व्हावे, असे वाटते.