हयातीचा दाखला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



रत्नागिरीत बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला थिबा राजवाडा दाखवायला नेतो. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, १८८६ साली त्याला इथं आणून ठेवलं आणि १९१६ साली इथंच त्याचा अंत झाला. तीस वर्षं तो इंग्रज सरकारच्या तनख्यावर जगला. किती द्यायचं ते सरकार ठरवी आणि पुरत नाही म्हणून राजा अर्ज करी. राजा खरा, पण दुसऱ्याच्या मर्जीवरचा. आज मला या मर्जीविषयीच थोडं बोलायचं आहे.

मी कवी माणूस, बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. हिशेब हा काही माझा प्रांत नव्हे. पण आमच्या मोहल्ल्यात सरकारी अर्ज लिहायचा झाला की लोक माझ्याकडे येतात. कवीचं अक्षर चांगलं असतं, असा त्यांचा समज आहे. लोकांचे अर्ज लिहिता लिहिता मला एक गोष्ट कळत गेली, ती आज तुमच्यासमोर ठेवतो.

आमच्या गल्लीत समोरासमोर दोन घरं आहेत. एक आमचं. अब्बा सरकारी नोकरीत खलाशी होते. ते गेल्यावर अम्मीला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. रक्कम मोठी नव्हती, पण महिना फिरला की यायची. माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणी पोलिओ झालेला. अम्मी २०१६ साली गेली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे बहिणीची काळजी उभी राहिली. पण महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांत तिची सोय आधीच करून ठेवलेली होती. स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या अपंग अपत्याला आईवडिलांमागे कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळतं. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलं, फेऱ्या मारल्या, आणि ते सुरू झालं. बहिणीला कुणाचे पाय धरावे लागले नाहीत.

समोरचं घर खालांचं. खाला म्हणजे आमच्या नात्यातल्या नव्हेत, पण सगळी गल्ली त्यांना खालाच म्हणते. त्यांचा मुलगा हापूसच्या हंगामात आंबे उतरवायला जायचा. एका वर्षी तो झाडावरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. बागेतली मजुरी, म्हणजे ना फंड, ना निवृत्तिवेतन. खालांना श्रावणबाळ योजनेचं आणि मुलाला संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मिळतं. त्यावर ते घर चालतं.

एकदा खालांचे पैसे तीन महिने आले नाहीत. मी त्यांना घेऊन कचेरीत गेलो. खिडकीतला तरुण भला होता. त्याने पाहून सांगितलं, "मावशी, तुमचा हयातीचा दाखला नोंदलेला दिसत नाही." खाला म्हणाल्या, "बाबा, मी तुझ्यासमोर उभी आहे ना!" दाखला आम्ही पुन्हा दिला. तरीही पैसे येईनात. पुन्हा गेलो तर उत्तर मिळालं, "वरूनच आलं नाही."

हे 'वरून येणं' म्हणजे काय, ते समजून घेण्यासारखं आहे.

सरकार पैसे देतं ते तीन प्रकारांनी. एक, कायद्याने. कायदा विधिमंडळ करतं, तो बदलायचा तर पुन्हा विधिमंडळातच जावं लागतं, आणि तो मोडला तर नागरिक न्यायालयात दाद मागू शकतो. दुसरा प्रकार नियमांचा. सरकारी नोकरांचे सेवानियम राज्यघटनेतल्या अधिकाराने केलेले असतात. त्यांनाही न्यायालयात वजन असतं. तिसरा प्रकार शासन निर्णयाचा, ज्याला आपण जीआर म्हणतो. तो मंत्रालयातून निघतो, आणि दुसरा जीआर काढून बदलता येतो. आमच्या बहिणीचे पैसे नियमाचे आहेत, खालांचे जीआरचे. गल्ली एक, गरज एक, पण पायाखालची जमीन वेगळी.

निवृत्तिवेतन हा हक्क आहे, हेही आपोआप ठरलेलं नाही. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी डी. एस. नाकरा यांच्या खटल्यात निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्या पीठावर होते. निवृत्तिवेतन ही मालकाने खूश होऊन दिलेली बक्षिशी नव्हे, केलेल्या सेवेपोटी मिळवलेला तो हक्क आहे, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणून १७ डिसेंबर हा दिवस आपल्याकडचे निवृत्त लोक पेन्शनर दिन म्हणून पाळतात.

पण नियमातला हक्कही पुढच्या पिढीसाठी बदलता येतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सेवेत आलेल्यांना जुनी योजना बंद झाली. जुन्या योजनेत शेवटच्या पगाराच्या साधारण निम्मी रक्कम आणि त्यावर महागाई भत्ता मिळे. नव्या योजनेत पगाराच्या १० टक्के कर्मचाऱ्याने घालायचे, सरकारने आधी १० आणि पुढे १४ टक्के घालायचे, ते पैसे बाजारात गुंतवायचे, आणि निवृत्तीच्या वेळी साठलेल्या रकमेपैकी किमान ४० टक्क्यांचं वर्षासन घ्यायचं. किती मिळणार, ते आधी सांगता येत नाही.

या बदलात आणखी एक खिंडार राहिलं होतं, आणि मला ते जास्त लागतं. नव्या योजनेतला माणूस सेवेत असताना वारला किंवा अपंग झाला, तर आमच्या अब्बांच्या मागे अम्मीला मिळालं तसं निवृत्तिवेतन त्याच्या घराला नव्हतं. १४ मार्च २०२३ ला राज्यातले कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. शाळांना कुलपं लागली, दवाखान्यांत लोकांचे हाल झाले. २० तारखेला संप मिटला. त्यानंतर ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने अशा घरांना कुटुंब निवृत्तिवेतन आणि अपंग झालेल्यांना रुग्णता निवृत्तिवेतन मिळायची वाट मोकळी झाली. म्हणजे सतरा वर्षांवर काळ गेला. पुढे २०२४ साली राज्याने सुधारित योजना आणून शेवटच्या पगाराच्या निम्म्या निवृत्तिवेतनाची हमी देऊ केली. केंद्र सरकारनेही १ एप्रिल २०२५ पासून आपल्या नोकरांना एकीकृत योजनेचा पर्याय दिला. संघटनेचं बळ होतं, म्हणून इतकं तरी पदरात पडलं.

खालांची संघटना कुठली? त्या कशावर संप करणार?

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली, आपल्या कोकणातले बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना. विधवा, निराधार, अपंग यांच्या हातात दरमहा रोख रक्कम द्यायची, ही कल्पना त्या काळात धाडसाचीच होती, आणि लाखो घरांना तिने आधार दिला. पण चाळीस वर्षं उलटली तरी तिचा पाया जीआरचाच राहिला. रक्कम ६०० रुपये होती, ती २०१९ साली १००० झाली आणि २०२३ साली १५००. मधल्या काळात तांदूळ, तेल, गॅस यांचे भाव थांबले नाहीत. नोकरदाराचा महागाई भत्ता ठरावीक काळाने वाढतो. खालांचे पैसे मात्र कुणाच्या मनात येईल तेव्हा वाढतात. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत साठीपासून ऐंशीच्या आतल्या माणसासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे, आणि तो कित्येक वर्षं तेवढाच आहे.

राज्यघटनेत याचा विचार झालेलाच नाही, असं नव्हे. कलम ४१ सांगतं की बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्व यांत नागरिकाला सरकारी साहाय्य मिळावं म्हणून राज्याने आपल्या ऐपतीनुसार तरतूद करावी. पण हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे. ते घेऊन न्यायालयात जाता येत नाही. त्यासाठी विधिमंडळाने किंवा संसदेने कायदा करावा लागतो.

कायदा झाला की काय फरक पडतो, ते अपंगांच्या बाबतीत पाहा. १९९५ च्या कायद्याने आणि नंतर २०१६ च्या कायद्याने सांगितलं की सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून कुणाला नोकरीवरून काढता येणार नाही. दुसरं काम द्यावं, तेही नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवावं. या आधारावर माणसांनी नोकऱ्या परत मिळवल्या आहेत. त्याच २०१६ च्या कायद्याचं कलम २४ सांगतं की अपंगांना द्यायचं साहाय्य इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावं. आता हिशेब करा. १५०० वर २५ टक्के म्हणजे १८७५. पण २०२३ साली १५०० ठरले ते सर्वांना सारखेच. खालांना जेवढे, तेवढेच त्यांच्या मुलाला. ऑक्टोबर २०२५ पासून अपंगांचे २५०० झाले, ही समाधानाची गोष्ट. पण कायदा २०१७ साली अमलात आला होता. तेव्हा कायदा करून भागत नाही, त्यावर नजर ठेवणारे लोकही लागतात, हा त्यातला धडा.

आपल्या महाराष्ट्राने असं काम पूर्वी एकदा करून दाखवलं आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तीही आधी योजनाच होती. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत दिलं नाही, तर बेकारी भत्ता देणं सरकारवर बंधनकारक झालं. पैशांसाठी नोकरी-धंदा करणाऱ्यांवर व्यवसाय कर बसला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराचा भार उचलला. त्या धर्तीवर देशाचा कायदा व्हायला पुढे २००५ साल उजाडलं.

हेच निराधारांच्या अनुदानाचं का करू नये? कायद्यात चारच गोष्टी असाव्यात. कोण पात्र, ते स्पष्ट लिहावं. आज योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१ हजार आहे, अपंगांसाठी ५० हजार. एवढ्यात कुठलं घर चालतं, ते त्यात ठरवावं. रक्कम महागाईशी बांधावी. पैसे अमुक तारखेच्या आत जमा व्हावेत, उशीर झाला तर वर व्याज द्यावं. आणि पैसे बंद करायचे असतील तर आधी लेखी कळवावं, माणसाला बोलायची संधी द्यावी.

खर्चाचा प्रश्न येईलच, आणि तो खोटा नाही. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जाचं व्याज यांतच राज्याचा मोठा पैसा जातो. नोकरदारांना जुनी योजना द्यायची तर उद्याच्या पिढीवर बोजा पडेल, असं म्हणणाऱ्यांना मी वेडं समजत नाही. पण खर्चाची आठवण आपल्याला कुणाच्या बाबतीत होते, तेही पाहावं. माजी आमदारांच्या निवृत्तिवेतनासाठी आपल्या राज्यात १९७६ चा कायदा आहे. त्यांच्या म्हातारपणाची सोय कायद्याने व्हावी आणि खालांची जीआरने, हे मला पटत नाही. जर्मनीत बिस्मार्कने १८८९ साली म्हातारपण आणि अपंगत्व या दोहोंच्या निवृत्तिवेतनाचा एकच कायदा केला, त्यात मजुरांनाही धरलं होतं. तो काही गरिबांचा कैवारी म्हणून प्रसिद्ध नव्हता. अशा माणसालाही जे जमलं, ते आपल्या लोकशाहीला जमायला हरकत नसावी.

श्रोतेहो, खालांचे पैसे चौथ्या महिन्यात आले, तीन महिन्यांची थकबाकी धरून. मधल्या दिवसांत वाण्याने उधार दिलं, गल्लीने डबे पोचवले. आपल्याकडे शेजारधर्म अजून आहे, म्हणून निभावलं. पण पैसे आले त्या दिवशी खाला मला म्हणाल्या, "सरकारने मेहरबानी केली रे."

मी त्यांना सांगितलं, "खाला, मेहरबानी नव्हे." त्या नुसत्या हसल्या. माझं म्हणणं त्यांना खोटं वाटलं, आणि आजच्या घडीला त्यांचंच बरोबर आहे. त्यांचं ते वाक्य चुकीचं ठरवणारा कायदा मला पाहायचा आहे. आपला आमदार मतं मागायला दारात येईल, तेव्हा रस्ता आणि पाणी यांच्याबरोबर हेही एकदा त्याला विचारा.