प्रवासी पेट्यांची रचना आणि ओझ्याचा भार

गाठोडे, वळकटी, पडशी हे मराठीतील जुने शब्द त्या त्या वस्तूच्या बांधणीचे निदर्शक आहेत. गाठोडे गाठीने सिद्ध होते, वळकटी वळून; पडशीचे दोन कप्पे खांद्याच्या दोन्ही अंगांस लोंबत असल्याने भार सारखा विभागला जातो. याउलट ‘सूटकेस’ हा शब्द बांधणीविषयी मौन बाळगून केवळ आतील वस्त्राचा निर्देश करतो. नाव कोणतेही असो, ओझे कोणी व कसे वाहावयाचे याचे उत्तर प्रत्येक रचनेत गृहीत धरलेले असते. ते गृहीत बदलले की रचनाही बदलते.

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय ट्रंकांची झाकणे बहुधा घुमटाकार असत. पावसाचे पाणी ओघळून जावे, हा त्यातील हेतू. परंतु अशा ट्रंका एकावर एक रचता येत नसत. १८५८ मध्ये पॅरिस येथील लुई व्हिताँ यांनी सपाट झाकणाची, जलरोधक कापडाने मढविलेली ट्रंक प्रचारात आणली. पाणी अडविण्याचे कार्य आकाराकडून आवरणाकडे गेले आणि रचून ठेवण्याची अडचण दूर झाली. पुढे उभी ठेवून उघडावयाची ‘वॉर्डरोब ट्रंक’ आली. तिच्यात एका अंगास कपडे टांगण्याची सोय व दुसऱ्या अंगास खण असत. कपड्यांना चुण्या पडत नसत, पण वजन वाढे. कोट टांगलेलाच ठेवून मधोमध दुमडता येणारी कापडी पिशवी हा या दोहोंमधील मध्यम मार्ग होय.

या सर्व रचनांत उचलणारा मनुष्य गृहीतच होता. तो दुर्मिळ झाला तेव्हा चाकाकडे लक्ष गेले. बर्नार्ड सॅडो यांना १९७२ मध्ये अमेरिकेत चाकांच्या सूटकेसचे पेटंट मिळाले. चार लहान चाकांवर उभी असलेली ही सूटकेस पट्ट्याने ओढावयाची असे; उंची अधिक व तळ अरुंद असल्याने ती कलंडण्याचा संभव असे. १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने दोन चाके व आत सरकणारा लांब दांडा यांची योजना केली. बॅग तिरपी धरताच ती तरफ बनते. भरलेल्या बॅगेचे वजन २० किलो, चाकांपासून मुठीचे अंतर १०० सेंटीमीटर व गुरुत्वमध्याचे ३० सेंटीमीटर मानल्यास हातावर सुमारे ६ किलो भार येतो. उरलेला जमीन वाहते. जड वस्तू चाकांनजीक ठेवून गुरुत्वमध्य २० सेंटीमीटरवर आणला, तर हातावर ४ किलोच उरतात.

सर्व दिशांस वळणाऱ्या चार चाकांच्या बॅगेत हातावरील भार जवळजवळ नाहीसा होतो. मात्र ती उतारावर आपोआप घरंगळते, खडबडीत वाटेवर अडखळते. शिवाय चाके व दांडा आतील जागा व्यापतात आणि विमानप्रवासात मोजल्या जाणाऱ्या वजनातही भर घालतात. प्रत्येक सुधारणेचे मूल्य असे कोठे तरी चुकवावे लागतेच.

या मूल्याचा एक वाटा रेल्वे स्थानकांवरील हमालांच्या पदरी आला. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्यांना ‘सहायक’ म्हणावे, असे घोषित झाले. नवे नाव सन्मानाचे खरेच. परंतु ज्या ओझ्यावर त्यांची उपजीविका अवलंबून होती, ते तोवर प्रवाशाच्या मागे चाकांवरून चालू लागले होते.